नवा पीसी? आधी रॅम बघा!

ऑफिसात आपण सगळे एकदम अप-टू-डेट. कंपनीने दिलेला पातळ लॅपटॉप, दोन-दोन स्क्रीन, काही अडलं की आयटीवाला मुलगा बसल्या जागी हजर. घरी आलं की मात्र हॉलच्या कोपऱ्यात, फुलाफुलांच्या कव्हराखाली एक डेस्कटॉप बसलेला असतो. कॉलेजात असताना बाबांनी घेऊन दिलेला. आता त्यावर बाबा शेअर्सचे भाव बघतात, आई भिशीचा हिशेब ठेवते आणि धाकटं कुणी असेल तर ते ‘प्रोजेक्ट’च्या नावाखाली भलतंच काहीतरी करतं. पीसी चालू करायचा, आंघोळ उरकायची, चहा घ्यायचा, तरी स्क्रीनवरचं ते चक्र गोल गोल फिरतंच असतं!

मग एखाद्या रविवारी जेवताना विषय निघतो. ‘‘टाका आता भंगारात. नवा घेऊ.’’ घेणार कोण? अर्थातच जो कमावता आहे तो. फोनचा ईएमआय अजून संपलेला नाही, पुढच्या महिन्यात जवळच्या मैत्रिणीचं लग्न आहे... थांबा. कार्ड काढायच्या आधी कॅबिनेट उघडा.

आधी एक गोंधळ मिटवू. आपल्याकडे ‘मेमरी फुल्ल झाली’ हे वाक्य फोटो साठले की म्हणतात. ती मेमरी वेगळी. ती हार्ड डिस्क. आपण बोलतोय ते रॅमबद्दल. स्वयंपाकघर डोळ्यासमोर आणा. हार्ड डिस्क म्हणजे फडताळ आणि वरचा माळा, सगळं सामान तिथे. रॅम म्हणजे ओटा. कापायचं, चिरायचं, लाटायचं ते ओट्यावरच. ओटा हातभर असेल तर पोळ्या लाटायच्या आधी भाजीचं पातेलं उचलून ठेवावं लागतं, भाजी हलवायची तर पोळपाट बाजूला करावा लागतो. स्वयंपाक येणाऱ्या बाईचा हात कितीही चपळ असो, निम्मा वेळ उचल-ठेव करण्यात जातो. रॅम कमी पडली की कॉम्प्युटर अगदी हेच करतो. ओट्यावर मावेना ते हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतो, लागलं की परत आणतो. कॅबिनेटवरचा तो छोटा लाल दिवा सतत लुकलुकत असतो ना? ती बहुतेक वेळा ही उचल-ठेवच असते.

पण ओटाच लहान आहे, हे आधी नक्की करा. रोजचं सगळं काम उघडून ठेवा, म्हणजे ब्राउझर, एक्सेल, जे काय असेल ते. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर जा आणि मेमरी बघा. ८५-९० टक्क्यांच्या वर गेली असेल तर रॅम हवीच. निम्मीच भरलेली असेल आणि शेजारी डिस्कचा आकडा मात्र १०० टक्क्यांवर अडून बसला असेल, तर रॅमवर पैसे घालवू नका. तुम्हाला एसएसडी हवी आहे. दुकानदार हे बहुधा सांगत नाही, कारण तुम्ही त्याच्याकडे रॅम मागायला गेलेले असता. विंडोज १० मध्ये याच पानावर दोन स्लॉटपैकी किती वापरात आहेत तेही दिसतं. विंडोज ७ असेल तर सीपीयू-झेड नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर ही सगळी कुंडली काढून देतं.

हे सगळं आत्ता डोक्यात यायचं कारण म्हणजे शेजारच्या काकू. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत त्यांचं घरगुती डीटीपी आहे. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, मंडळांची पावतीपुस्तकं, श्रद्धांजलीचे फ्लेक्स. सोसायटीतल्या निम्म्या घरांची मुंजीची पत्रिका काकूंच्या बेडरूममधून निघालेली आहे! काकांचं पेन्शन अगदी तुटपुंजं. त्यामुळे हे काम म्हणजे वेळ घालवणं नाही, घर त्यावर चालतं. आणि गणपतीच्या तोंडावर, एका मंडळाचा ६४ पानी अहवाल अर्धा झालेला असताना, काकूंचा २०१२ चा पीसी दर दहा मिनिटांनी हँग व्हायला लागला.

स्टेशनजवळच्या एका दुकानातला मुलगा घरी येऊन बघून गेला. ‘‘मशीन कचरा झालंय काकू, नवा घ्या.’’ एवढं बोलून दोनशे रुपये व्हिजिट चार्ज. काकूंचा भाचा पुण्याहून फोनवर तेच म्हणाला. गंमत म्हणजे नवा घ्यायला काकूंची ना नव्हती. अडचण वेगळीच होती. त्यांचं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर जुनं, युनिकोडच्या आधीच्या जमान्यातलं. ते चालतं एका डोंगलवर, आणि ते डोंगल बसतं मागच्या त्या रुंद, जुन्या प्रिंटर पोर्टात. नव्या पीसीला तसं पोर्ट शोधून सापडणार नाही. कार्ड लावून पोर्ट आणलंच, तरी ६४ बिटच्या विंडोजवर त्या डोंगलचा जुना ३२ बिटचा ड्रायव्हर बसत नाही. आणि डोंगल नाही तर फॉन्ट नाही. चौदा वर्षांच्या फायली, प्रत्येक घराण्याच्या पत्रिकेचा मजकूर, आजोबांच्या नावांसकट, नव्या मशीनवर उघडल्या की नुसती चिन्हांची रांगोळी! ‘‘अगं, नुसतं यंत्र नाही गं ते, माझं सगळं गिऱ्हाईक त्यात आहे,’’ काकू म्हणाल्या. मला पटलं.

कॅबिनेट उघडलं. आत धूळ एवढी की पंखा राखाडी दिसत होता. मदरबोर्ड इंटेलच्या एच६१ चिपसेटचा, प्रोसेसर आय३-२१००, दोन स्लॉट, त्यातला एक रिकामा. दुसऱ्यात २ जीबीची एकच पट्टी. आणि विंडोज ७, ३२ बिट.

हे शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे. एच६१ बोर्ड १६ जीबीपर्यंत रॅम घेतो, म्हणून लोक आठ-आठच्या दोन पट्ट्या आणून बसवतात आणि मग बोंब मारतात की फरक काहीच नाही. ३२ बिटच्या विंडोजला ४ जीबीच्या पुढे मोजताच येत नाही. त्या ४ मधलाही थोडा भाग ग्राफिक्स आणि इतर हार्डवेअरच्या नावे राखीव जातो, हाताशी उरते साधारण सव्वातीन-साडेतीन. पुढे जायचं तर ६४ बिटची विंडोज हवी, आणि तिथे काकूंचं डोंगल आडवं येतं. म्हणजे काकूंच्या मशीनला हवी होती फक्त २ जीबीची आणखी एक पट्टी. त्याहून जास्त घेतली असती तर पैसे पाण्यात.

आता खरेदी. रॅम घ्यायला जाताना मॉडेल नंबर पाठ करू नका, जुन्या पट्टीवरच्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढा. त्या लेबलमध्ये सगळं लिहिलेलं असतं. काकूंच्या पट्टीवर होतं ‘पीसी३-१०६००यू’. पीसी३ म्हणजे डीडीआर३. १०६०० म्हणजे १३३३ स्पीडची. १२८०० असेल तर १६०० ची. दोन वेगळ्या स्पीडच्या पट्ट्या एकत्र लावल्या तरी चालतं, फक्त दोन्ही हळू असलेलीच्या चालीने चालतात. शेवटचं अक्षर मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. ‘यू’ म्हणजे साध्या डेस्कटॉपची. ‘एस’ म्हणजे लॅपटॉपची, ती आखूड असते, बसणारच नाही. आणि ‘आर’ म्हणजे सर्व्हरची. ही फसवी. लांबी तीच, खाच तीच, स्लॉटमध्ये अगदी टक्ककन बसते, पण साधा डेस्कटॉप तिच्याने सुरूच होत नाही. कंपन्यांचे जुने सर्व्हर मोडीत निघाले की या पट्ट्या बाजारात ढिगाने येतात आणि स्वस्तात मिळतात. स्वस्त का, ते आता तुम्हाला कळलं.

डीडीआरचे आकडे एकमेकांत चालत नाहीत, हेही लक्षात ठेवा. डीडीआर२ आणि डीडीआर३, दोन्हींना २४० पिना, पण मधली खाच वेगळ्या जागी असते आणि व्होल्टेजही वेगळं, १.८ आणि १.५. डीडीआर४ ला २८८ पिना. जोर लावून बसवायला जाल तर स्लॉट तुटेल, रॅम बसणार नाही.

लॅमिंग्टन रोडला गेले. नकाशावर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण हे नाव सांगून विचारलंत तर दुकानदारही क्षणभर विचार करेल. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं, पूर्वेला बाहेर पडून पाच-सात मिनिटं चालायचं. पहिल्याच काउंटरवर फोटो दाखवला.

‘‘दो जीबी? मॅडम, दो जीबी में आजकल क्या होता है? आठ ले जाओ. नया पीस, सस्ते में दे दूँगा.’’

पट्टी चकचकीत होती, ब्रँड कधी न ऐकलेला. उलटी करून बघितली, तर बारीक अक्षरात लिहिलेलं, ‘फक्त एएमडीसाठी’. या पट्ट्यांवरच्या चिप्सची मांडणीच अशी असते की ती काही एएमडीच्या बोर्डांना वाचता येते, इंटेलला नाही. इंटेलच्या मशीनमध्ये लावली की काळा स्क्रीन. दुकानदाराला म्हटलं, मशीन इंटेलचं आहे. त्याने शांतपणे पट्टी परत ड्रॉवरमध्ये टाकली, जणू काही झालंच नाही! ऑनलाइन घेताना असं उलटून बघता येत नाही, तेव्हा वर्णनातली शेवटची ओळसुद्धा वाचा.

तीन दुकानं पुढे एका काकांकडे जुन्या पट्ट्यांचा डबाच होता, आपल्याकडे शिवणकामाच्या बटणांचा असतो तसा. त्यांनी फोटो बघितला, डब्यात हात घातला आणि नेमकी तीच २ जीबीची पट्टी काढून दिली. वापरलेली, पण नावाजलेल्या कंपनीची. समोरच्या मशीनमध्ये लावून दाखवली. तीनशे रुपये आणि सात दिवसांची टेस्टिंग वॉरंटी. ती मी बिलावर लिहून घेतली. सेकंडहँड बाजारात तोंडी वॉरंटीचं आयुष्य तुम्ही दुकानाची पायरी उतरेपर्यंत असतं.

बसवणं हा पाच मिनिटांचा खेळ आहे, त्यासाठी कुणाला व्हिजिट चार्ज देऊ नका. पीसी बंद करा आणि वायर भिंतीतून काढा. मग पॉवरचं बटण एकदा दाबा, आत उरलीसुरली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातला स्टॅटिक करंट तिथेच उतरेल. रंगकामाचा एक इंची ब्रश घेऊन धूळ काढा. स्लॉटच्या दोन्ही टोकांच्या क्लिपा बाहेर वळवा, पट्टीची खाच जुळवा आणि दोन्ही अंगठ्यांनी सरळ खाली दाबा. क्लिपा आपसूक आत येऊन ‘टक’ वाजलं पाहिजे. पहिल्यांदा दाबताना जीव थोडा वरखाली होतो, कारण जोर वाटतो त्याहून जरा जास्त लागतो.

सुरू केल्यावर डिस्प्ले आला नाही आणि लांब लांब बीप वाजायला लागली तर घाबरू नका. पट्टी नीट बसलेली नाही, एवढंच ते यंत्र ओरडून सांगतंय. परत काढा, सोनेरी पिनांवरून पांढरा खोडरबर हलकेच फिरवा, कण झटका आणि पुन्हा बसवा. काकूंची नवी पट्टी पहिल्या फटक्यात बसली. बीप वाजली ती जुनी साफ करून परत लावल्यावर! खोडरबर नातवाच्या कंपासपेटीतून आला. रात्री मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवरून लावून ठेवलं. हेही फुकट आहे, पट्टीचा कानाकोपरा तपासतं. सकाळी एकही चूक नव्हती. वापरलेली रॅम घेतलीत तर ही एक रात्र द्याच, कारण खराब रॅम नुसता पीसी बंद पाडत नाही, फायलीही बिघडवते.

फरक पडला? हो, पण जाहिरातीतल्यासारखा नाही. पीसी सुरू व्हायला अजूनही तितकाच वेळ लागतो, कारण ते काम हार्ड डिस्कचं. पण कोरलड्रॉ, फॉन्टचं सॉफ्टवेअर आणि फोटो एकाच वेळी उघडे ठेवून काकू इकडून तिकडे जातात आणि चक्र फिरत नाही.

मात्र काकूंच्या फायली बघताना एक वेगळीच गोष्ट सापडली, आणि ती रॅमपेक्षाही कामाची निघाली. फ्लेक्स त्या ३०० डीपीआयवर बनवत होत्या. पत्रिकेची सवय! सहा बाय चार फुटांचा फ्लेक्स ३०० वर बनवला तर एकट्या त्या चित्राला सुमारे १.२ जीबी मेमरी लागते. तोच १०० डीपीआयवर बनवला तर साधारण १४० एमबी. नऊ पटींचा फरक. रस्त्यावरच्या खांबावर लटकणारा फ्लेक्स कोण नाकाजवळ धरून बघतो? १०० पुरेसे आहेत. ‘‘म्हणजे ही पट्टी फुकटच आणली म्हणायची,’’ काकू म्हणाल्या. फुकट नाही, पण निम्मं काम या आकड्याने केलं, हे खरं.

दोन गोष्टी काकूंना बजावून सांगितल्या. एक, या मशीनला आता इंटरनेट लावायचं नाही. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला. क्रोमची १०९ ही त्यावरची शेवटची आवृत्ती. पीडीएफ पेनड्राइव्हवर घ्यायची आणि फोनवरून पाठवायची. दोन, हार्ड डिस्क चौदा वर्षांची आहे. रॅम गेली तर तीनशे रुपये जातात, डिस्क गेली तर ‘सगळं गिऱ्हाईक’ जातं. बाहेरची एक हार्ड डिस्क घेऊन त्याच संध्याकाळी सगळं कॉपी केलं. तिचे पैसे रॅमच्या कितीतरी पट लागले आणि काकूंनी एका शब्दाने घासाघीस केली नाही.

तुमच्या घरी असं डोंगल नसेल, तर हिशेब वेगळा आणि जास्त सोपा. दुसऱ्या ते चौथ्या पिढीचा आय३ किंवा आय५ आणि डीडीआर३ असेल तर ६४ बिटची सिस्टिम टाका आणि रॅम ८ जीबी करा, शक्यतो चार-चारच्या दोन सारख्या पट्ट्यांनी. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला दुहेरी रस्ता मिळतो. १६ जीबीची एकच पट्टी या मशीनला चालत नाही, एका स्लॉटमध्ये ८ ही तिथली कमाल. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, घरगुती वापरासाठी वाढवून दिलेली मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे रॅम कितीही घाला, ती वाट अधिकृतपणे बंद आहे. आईबाबांचं काम ब्राउझर, ईमेल आणि हिशेब एवढंच असेल तर लिनक्स मिंट टाकून बघा. त्याला ४ जीबी पुरेसे म्हणतात, ८ असतील तर ऐटीत चालतं. आणि मशीन डीडीआर२ चं असेल, तर माझं स्पष्ट मत, एक रुपयाही घालू नका. फायली काढून घ्या आणि ई-कचरा घेणाऱ्याला द्या.

डीडीआर४ वाल्यांनी मात्र खिसा जरा सांभाळावा. एआयच्या डेटा सेंटरांनी चिप्स उचलायला सुरुवात केली आणि २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमच्या किमती भराभर चढल्या. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने तुमच्या-आमच्यासाठीचा क्रूशल हा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा मित्राने दोन वर्षांपूर्वी सांगितलेला भाव घेऊन दुकानात वाद घालू नका, निदान तीन ठिकाणी विचारा. ऑफिसातल्या आयटीवाल्या मुलालाही विचारून ठेवा, मोडीत निघालेल्या मशीनच्या पट्ट्या कुठे जातात ते त्याला माहीत असतं. लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर रविवार टाळा, बरीचशी दुकानं बंद असतात. शनिवारी सकाळी निघा, आणि लेबलचा फोटो दोन्ही बाजूंनी काढून न्या.